‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ : प्रोस्टेटच्या कर्करोगाची सुईपरीक्षा

मी व्यवसायाने शिक्षक आहे, वैद्य नव्हे. शाळेत गणित व विज्ञान शिकवितो. तेव्हा स्मरणिकेसारख्या ठिकाणी एका रोगाच्या निदानावर मी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या लेखाचा खरा विषय रोग नसून एका वाक्याचा अर्थ हा आहे, आणि वाक्याचा अर्थ लावणे हे तर आम्हा शिक्षकांचे रोजचेच काम. ते एक वाक्य नीट न वाचल्यामुळे आमच्या घराने दोन वर्षे गमावली. इतरांनी ती गमावू नयेत, एवढाच हेतू.

माझे थोरले मामू जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते. वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांना रात्री चार-पाच वेळा लघवीसाठी उठावे लागू लागले. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागे. त्यांनी हे कोणालाही सांगितले नाही. पुढे बसने नागपूरला लग्नास जाण्याचेही ते टाळू लागले, तेव्हा मामींच्या लक्षात आले. २०१४ साली रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली. आकडा ११ आला. मग एका मोठ्या शहरात सोनोग्राफीच्या साहाय्याने ग्रंथीतून सुईने १२ बारीक तुकडे काढण्यात आले. यालाच बायोप्सी म्हणतात. अहवालाचा आशय असा होता : ‘तपासलेल्या तुकड्यांत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. पीएसएची तपासणी पुढे चालू ठेवावी.’

आम्ही पहिले वाक्य वाचले व दुसरे सोडून दिले. मामींनी गल्लीत पेढे वाटले. फाईल कपाटावर गेली. २०१६ मध्ये पुन्हा तपासले तो आकडा १९ झालेला. यावेळी आधी एमआरआय काढला. ग्रंथीच्या पुढील भागात एक काळसर डाग दिसला. त्या डागावर नेम धरून सुई घातली आणि तेथे कर्करोग निघाला.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी लिहिले ते अक्षरशः खरे होते. तपासलेल्या तुकड्यांत रोग आढळला नव्हता. ‘ग्रंथीत रोग नाही’ असे त्यांनी कोठेही म्हटले नव्हते. ते आम्ही वाचले.

ग्रंथी कोठे असते?

प्रोस्टेटला आपल्या पाठ्यपुस्तकांत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. ती केवळ पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला कड्यासारखी वेढून ती बसलेली असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढते तशी ती बहुतेक पुरुषांत वाढत जाते व मधल्या नलिकेवर दाब पडतो. ही साधी वाढ होय, कर्करोग नव्हे. मात्र लघवीच्या तक्रारीवरून घरबसल्या कोणालाही या दोहोंतील फरक ओळखता येत नाही. उलट आरंभीच्या कर्करोगात पुष्कळदा काहीच तक्रार नसते.

पीएसए हे या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन आहे. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. १९८० नंतरच्या दशकात त्याची रक्ततपासणी व्यवहारात आली. ४ हा आकडा बराच काळ सीमारेषा मानला गेला. परंतु साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवीची नळी बसविणे, अशा कारणांनीही पीएसए वाढतो. उलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ज्यांचा पीएसए ४ किंवा त्याहून कमी होता अशा पुरुषांपैकीही सुमारे १५ टक्क्यांत बायोप्सीने कर्करोग सापडला. म्हणजे पीएसए हा दारावरची कडी वाजविणारा पाहुणा आहे. तो कोण, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. दार उघडणे म्हणजे बायोप्सी.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्या भाषेत म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण खरी का ठरते, याचा आपण विचार करीत नाही. पातेल्यातील पाणी व आच सर्व दाण्यांना जवळजवळ सारखी लागते, म्हणून एक शीत सर्व भाताबद्दल बोलू शकते. जेथे माल सर्वत्र सारखा नसतो, तेथे ही म्हण फसते.

आदिलाबादच्या कापूस बाजारात उभे राहिलेल्या कोणाही शेतकऱ्याला हे शिकविण्याची गरज नाही. कापसातील ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण हमीभाव. त्यावर गेला की कपात. १२ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदी नाही. यंत्र गाडीच्या वरच्या थरात लावले तर एक आकडा येतो, खालच्या थरात लावले तर दुसरा. यंत्र बिघडलेले नसते. नमुना कोठून घेतला, यावर आकडा ठरतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी भाताच्या पातेल्यासारखी नसून त्या गाडीसारखी आहे. रोग असला तरी तो सर्वत्र पसरलेला नसतो. एखाद्या कोपऱ्यात असतो. आता थोडे गणित करू. बायोप्सीच्या सुईतून निघणारा तुकडा सुमारे १७ मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर जाड धरला, तर त्याचे घनफळ साधारण १३ घन मिलिमीटर येते. असे १२ तुकडे म्हणजे सुमारे १६० घन मिलिमीटर. वाढलेली ग्रंथी ४० मिलिलिटरची, म्हणजे ४०,००० घन मिलिमीटरची धरली, तर आपण तिचा सुमारे अडीचशेवा भाग तपासला. उरलेले २४९ भाग न पाहिलेले राहिले. ‘आढळला नाही’ या शब्दांचे वजन या भागाकारात आहे.

बोटापासून चित्रापर्यंत

पूर्वी डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपून, जेथे कठीण लागेल तेथे सुई घालीत. बोटाला न लागणारी गाठ अर्थातच सुटून जाई. १९७० च्या सुमारास जपानमध्ये वातानाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुदमार्गातून सोनोग्राफी करून ग्रंथीचे चित्र काढण्याची रीत पुढे आणली. १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी, सोनोग्राफीच्या चित्रात पाहत ग्रंथीच्या सहा ठरलेल्या जागांतून तुकडे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे सहाचे १० ते १२ झाले. हीच पद्धत जगभर चालू राहिली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या पद्धतीलाही ‘चित्राच्या मार्गदर्शनाने केलेली बायोप्सी’ असेच म्हणतात. पण सोनोग्राफीचे चित्र ग्रंथी दाखविते. तिच्यातील कर्करोग ते भरवशाने दाखवीत नाही. गावाचा नकाशा हाती आहे, चोराचे घर मात्र त्यावर नोंदलेले नाही, अशी ती स्थिती होती. सुई ग्रंथीत अचूक जाई. रोगात जाईलच असे नव्हते. शिवाय गुदमार्गाकडून घातलेली सुई मागच्या भागात सहज पोहोचते, पुढचा भाग निसटतो. मामूंचा डाग नेमका तेथेच होता.

एमआरआयने हे चित्र पालटले. या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरींच्या योगाने शरीरातील मऊ भागांचे चित्र निघते. पेशींची दाट गर्दी झालेली जागा त्यात वेगळी दिसते. संशय किती, हे सांगण्यासाठी २०१२ पासून १ ते ५ अशी गुणपद्धती रूढ झाली; तिला पायरॅड्स म्हणतात. १ व २ म्हणजे संशय थोडा, ४ व ५ म्हणजे बराच, ३ म्हणजे मधले.

मग त्या डागावर सुई नेण्याच्या तीन रीती आहेत. पहिली : डॉक्टर एमआरआय पाहून जागा ध्यानात ठेवतात व सोनोग्राफीत ती अंदाजाने गाठतात. दुसरी : संगणक दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवितो, हिला फ्यूजन म्हणतात. तिसरी : रोगी एमआरआय यंत्रात असतानाच सुई घालतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील तुलनेत या तिन्हींच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा आपल्या जवळ महागडे फ्यूजन यंत्र नाही म्हणून खचून जाऊ नये. चांगला एमआरआय, तो वाचणारा जाणकार आणि सुई धरणारा सरावाचा हात, या तीन गोष्टी अधिक मोलाच्या.

चित्र किती खरे बोलते?

आता आकडे पाहू. ब्रिटनमधील ११ केंद्रांत ‘प्रॉमिस’ नावाचा अभ्यास झाला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांची तिहेरी तपासणी झाली : एमआरआय, जुनी सोनोग्राफी-बायोप्सी आणि पडताळ्यासाठी भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर सुई घालून केलेली संपूर्ण ग्रंथीची झडती. ही झडती रोज करण्यासारखी नव्हे, पण खरे उत्तर तिने दिले. ज्यांना घातक प्रतीचा कर्करोग खरोखर होता, अशा दर १०० पुरुषांत जुन्या बायोप्सीने ४८ जणांचा रोग पकडला. एमआरआयने ९३ जणांवर संशय दाखविला. मामूंचा अहवाल त्या उरलेल्या ५२ जणांपैकी एकाचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु याच अभ्यासाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय धडा पुरा होत नाही. ज्यांना घातक रोग नव्हता अशा १०० जणांत जुन्या बायोप्सीने ९६ जणांना योग्य रीतीने मोकळे केले. एमआरआयने फक्त ४१ जणांना. म्हणजे ५९ जणांवर त्याने नाहक संशय घेतला. एमआरआय हा चोख राखणदार आहे, पण तो न्यायाधीश नव्हे. तो सावलीलाही भुंकतो. जुनी सूज, साधी वाढ, क्षयासारखा संसर्ग यांचेही डाग त्यात कर्करोगासारखे दिसू शकतात. आपल्या देशात क्षयरोग अजून आहे, हे येथे विसरता कामा नये. तेव्हा एमआरआयमध्ये डाग दिसला म्हणजे कर्करोग ठरला, असे नाही. निकाल सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या तज्ज्ञाचाच.

२०१८ मध्ये ‘प्रिसिजन’ अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ देशांतील ५०० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची नेहमीची बायोप्सी झाली. दुसऱ्या गटाचा आधी एमआरआय काढला व डाग असेल तरच त्यावर सुई घातली. घातक प्रतीचा कर्करोग पहिल्या गटात २६ टक्क्यांत, दुसऱ्यात ३८ टक्क्यांत सापडला. उलट निरुपद्रवी प्रतीचा कर्करोग पहिल्यात २२ व दुसऱ्यात अवघ्या ९ टक्क्यांत सापडला. शिवाय दुसऱ्या गटातील २८ टक्के पुरुषांना सुई टोचून घ्यावीच लागली नाही.

मग जुनी पद्धत टाकून द्यावी काय? २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील २,१०३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकावर दोन्ही प्रकारची बायोप्सी झाली होती. त्यांपैकी ४०४ जणांची ग्रंथी पुढे शस्त्रक्रियेने काढली व संपूर्ण तपासली. सुईने सांगितलेल्यापेक्षा रोग बराच वरच्या प्रतीचा निघाला, असे किती वेळा घडले? फक्त जुन्या बायोप्सीवर विसंबले असते तर १६.८ टक्के, फक्त नेम धरून केलेल्या बायोप्सीवर, ८.७ टक्के, दोन्ही मिळून, ३.५ टक्के. म्हणजे दोन साक्षीदारांची जोड सर्वांत भरवशाची. तरी चूक शून्यावर येत नाही.

रोग सापडणे आणि रोगाची प्रत

वर ‘घातक प्रत’ आणि ‘निरुपद्रवी प्रत’ असे शब्द आले. ते समजले नाहीत तर घर घाबरून जाते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन यांनी पेशींच्या मांडणीवरून रोगाची प्रत लावण्याची रीत सांगितली. आजच्या वापरात ग्लीसनची बेरीज ६ पासून १० पर्यंत येते. ६ म्हणजे मंद चालीचा रोग, ८ ते १० म्हणजे आक्रमक. परीक्षेत अधिक गुण चांगले. येथे कमी चांगले.

मंद रोगावर पुष्कळदा तत्काळ उपचार न करता केवळ नजर ठेवतात. ब्रिटनमधील एका अभ्यासात ग्रंथीपुरताच मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार अशा तीन गटांत विभागले होते. १५ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. म्हणून देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. नेल्सन मंडेला यांचा प्रोस्टेटचा कर्करोग २००१ मध्ये, ८३ व्या वर्षी उघड झाला. त्यांनी तो लपविला नाही, किरणोपचार घेतले आणि पुढे २०१३ पर्यंत, ९५ वर्षांचे आयुष्य जगले.

यावरून बायोप्सीच्या बिनचूकपणाचे दोन अर्थ निघतात. घातक रोग निसटू नये, हा एक. आणि निरुपद्रवी रोग उगाच उकरून म्हाताऱ्या माणसाला शस्त्रक्रियेच्या वाटेला लावू नये, हा दुसरा. शस्त्रक्रियेने वा किरणांनी लघवीवरचा ताबा व पुरुषत्व यांना बाधा येऊ शकते. म्हणून दुसरी चूकही लहान नव्हे.

समजुती आणि संकोच

आपल्याकडे ‘सुई लावली की कर्करोग भडकतो’ अशी समजूत आहे. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने रोग पसरणे अत्यंत विरळ आहे. या भीतीपायी निदान टाळणे हाच मोठा धोका. खरी काळजी निराळी आहे. काही दिवस लघवीत वा वीर्यात रक्त दिसते. काहींची लघवी अडते. गुदमार्गाने सुई घातल्यास तेथील जंतू रक्तात जाऊन ताप येऊ शकतो. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी गुदद्वार व अंडकोश यांमधील कातडीतून सुई घालतात; त्यात संसर्ग कमी होतो. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

समजुतीपेक्षा संकोच अधिक नुकसान करतो. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९६३ मध्ये मुंबई शहरात देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी. पुण्या-मुंबईच्या नोंदींत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत येतो. ग्रामीण नोंदीत तो पुष्कळ कमी दिसतो. पण येथेही आपला धडा लागू आहे. कमी आढळणे म्हणजे कमी असणेच, असे नव्हे; जेथे कोणी तपासतच नाही तेथे काय आढळणार? आपल्या भागातील वडीलधारी माणसे भजनातून दोनदा उठतात, नमाजेला उभे राहण्याआधी पुन्हा वजू करतात, यात्रेला जाणे सोडतात. पण मुलाला सांगत नाहीत. मुलगाही विचारीत नाही.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

१. पीएसए वाढण्याचे दुसरे कारण, संसर्ग वगैरे, पाहिले आहे काय? आकडा पुन्हा एकदा तपासावा काय? (ग्रंथीच्या वाढीवर फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर ती पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणते. हे आपण होऊन सांगावे.)

२. बायोप्सीच्या आधी एमआरआय काढता येईल काय? युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघाने २०१९ पासून तशीच शिफारस केली आहे. बायोप्सीनंतर लगेच काढल्यास आत साकळलेल्या रक्ताने चित्र बिघडते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

३. सुई फक्त डागावर घालणार, की ठरलेल्या जागांतूनही तुकडे घेणार? कोणत्या मार्गाने?

४. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, हृदयाचे यंत्र यांविषयी आधी काय काळजी घ्यावी?

५. रोग आढळला तर त्याची ग्लीसन बेरीज किती? आढळला नाही तर पुढचा पीएसए केव्हा?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आम्ही तोच विचारला नव्हता.

मामूंची ग्लीसनची बेरीज ७ आली. रोग ग्रंथीबाहेर पसरला नव्हता. किरणोपचार झाले, काही काळ इंजेक्शने झाली. पीएसए खाली आला. ते आजही दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात व आकडे आपल्या जुन्या हिशेबाच्या वहीत, तारखेसह, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतात. मला मात्र ती दोन वर्षे आठवतात. दैव चांगले म्हणून वेळ निभावली.

वर्गात मी मुलांना सांगतो, उत्तरापूर्वी प्रश्न दोनदा वाचा. या लेखाच्या वाचकांना सांगतो, अहवाल दोनदा वाचा. ‘आढळला नाही’ हे शब्द दिसले तर अल्लाचे, ईश्वराचे आभार अवश्य माना, पेढेही वाटा. पण फाईल कपाटावर ठेवू नका. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा, आणि ती घरातील दुसऱ्या एका माणसाला दाखवून ठेवा.